चालणं हा काय व्यायाम?

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर मला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. फक्त चालायचं. सपाट रस्त्यावर, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगानं. दम लागला की थांबायचं, चक्कर आली की बसायचं, पाणी घोटघोट प्यायचं. आणि त्या सांगेपर्यंत भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. पोटावरची भोकं वरून बुजलेली दिसत होती, आतून सगळं कच्चं होतं. "कोल्हापूरच्या पेशंटना हे जरा जास्तच सांगावं लागतं," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले.

हे सगळं मी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील, आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद. माहेर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे सांगायला वेळ लागला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालत्यात तर म्हशी बी. दिवसभर चालत्यात. कुठली बारीक झाल्याली बघितलीस?"

आमच्याकडे व्यायाम या शब्दाला ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास आहे. जोर मारले, बैठका काढल्या, घामानं अंगावरच्या मातीचा चिखल झाला, तर तो व्यायाम. बाकी सगळं नुसतं हिंडणं.

लहानपणी आई माझ्या हातात भावासाठी दुधाचा तांब्या देऊन मला तालमीत पाठवायची. उंबऱ्याबाहेरून हाक मारायची, आत पाऊल टाकायचं नाही. आत मारुती होता आणि त्याला बाईमाणूस चालत नव्हतं. भाऊ घामानं निथळत बाहेर यायचा, अर्धा तांब्या प्यायचा आणि उरलेलं मी संपवायचे. बदाम, तूप, मटणाचं सूप, सगळ्याचं तसंच. अन्न टाकायचं नाही, हा आईचा नियम. खुराक दोघांच्या पोटात गेला, माती एकट्याच्या अंगाला लागली. भाऊ पैलवान झाला आणि मी जाडी झाले. मग तीच माणसं मला अडवून विचारायची, "काय पैलवानीणबाई, कुणासंगं जोड लावलीया?" त्या हसण्याचा मला अजून राग येतो. हसणाऱ्यांत आबाही असायचे, त्याचा जास्त येतो.

चाळिशी ओलांडली तेव्हा साखर वाढलेली होती, गुडघे गेले होते. जिना चढताना मध्येच पायरीवर टेकावं लागायचं. ऑपरेशन करायचं ठरलं, तर आबांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून सगळ्यांना ऐकवलं, "पोट कापून बारीक व्हायचं म्हंजे कुस्ती न खेळता गदा घरला आणायची."

तरी मी चालले. रोज सकाळी रंकाळ्यावर, आधी या बाकड्यापासून त्या बाकड्यापर्यंत, मग हळूहळू लांब. कपडे ढगळ व्हायला लागले. ज्या दिवशी जिना एका दमात चढले, त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही, स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. आबा हे सगळं बघत होते, पण एका शब्दानं बोलत नव्हते.

आणि एकदा बोलले. "उद्याच्याला तालमीत ये. बघू तरी, आमचं रगत हाय का तुझ्या अंगात."

आता तालमीत मुली येतात. कुस्त्या मारतात, बक्षिसं आणतात आणि आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतात. मारुतीची अलीकडे काही हरकत नाही. त्याचं मन कधी बदललं, ते मला कुणी कळवलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी अजून परवानगी दिलेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दुधाचा तांब्या घेऊन ज्या उंबऱ्याबाहेर मी ताटकळले, तो ओलांडायला मला बापानं स्वतः बोलावलं होतं. मी गेले.

आबांनी मारुतीपुढे उदबत्ती लावली, मातीची चिमूट माझ्या कपाळाला लावली. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी बैठका काढायला सांगितल्या.

"आबा, अजून नको म्हणल्यात. वजन तर अजिबात न्हाई."

"डॉक्टरीण कुठल्या तालमीत हुती?"

सगळे हसले. मी बैठका काढल्या. त्यानंतर आबांनी पायानं एक दगड माझ्यापुढे सरकवला. मूठ कोरलेला दगड, पोरी उचलतात त्यातला सगळ्यांत लहान. मी तो उचलला. बेंबीच्या वर, आत, शिवण उसवावी तसं काहीतरी झालं. पण त्याच वेळी आबा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शाब्बास गं वाघिणी!" जन्मात पहिल्यांदा म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी ती कळ गिळली.

तालमीत पहिल्यांदा आलेल्याला वस्ताद स्वतःच्या हातानं थंडाई देतात. ती नाकारायची नसते. बदाम, खसखस, म्हशीचं दूध आणि साखर, हात सैल सोडून घातलेली. मला तर साखर वर्ज्य होती. दोन घोट घेऊन मी थांबले.

"संपीव. पेला उष्टा ठेवायचा न्हाई हितं."

संपवला. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, हातपाय कापायला लागले, पोटात पीळ पडला आणि कपाळावरून घामाच्या धारा सुरू झाल्या. हे असं होतं, याची ताकीद मला दवाखान्यात मिळाली होती. गोड एकदम आत गेलं की लहान झालेलं जठर ते सांभाळू शकत नाही. मी कशीबशी उंबऱ्यापर्यंत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आबा पोरींना गोळा करून माझ्याकडे बोट दाखवत होते.

"बघा! ह्यो घाम बघा! चालून येतोय व्हय असला घाम?"

माझा जीव जातोय असं मला वाटत होतं आणि माझा बाप त्या घामाचं कौतुक करत होता. आयुष्यात माझ्या कुठल्याच गोष्टीचं त्यांनी एवढं कौतुक केलेलं नाही.

उसवल्यासारखं झालं होतं त्या जागी काही दिवसांनी लिंबाएवढा उंचवटा आला. आतडं बाहेर डोकावत होतं. पुन्हा ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली. या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. यापुढे जड काही उचलायचंच नाही, एवढं सांगून त्या निघून गेल्या.

दवाखान्यात मला भेटायला पाहुणे आले. त्यांच्यापुढे आबा खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "मी आधीच म्हणलो हुतो, हिच्या अंगाला तालीम सोसायची न्हाई." मी डोळे मिटून पडले होते, पण कान काही मिटता येत नाहीत. त्या सकाळी तालमीत एवढी माणसं होती, त्यांतल्या एकानंही खरं काय घडलं ते बाहेर सांगितलं नाही. वस्तादाच्या शब्दावर शब्द चढवायचा नसतो. पेठेत एवढंच पसरलं, की वस्तादाची पोरगी कच्ची निघाली.

यंदा आबांच्या छातीत कळ आली. स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, फक्त चालायचं, वजन उचलायचं नाही. कुठल्या तालमीत होता, असं आबांनी त्या डॉक्टरला विचारलं नाही. भावाला वेळ नसतो, म्हणून त्यांना रंकाळ्यावर मी नेते. या बाकड्यापासून त्या बाकड्यापर्यंत. ओळखीचे लोक थांबून नमस्कार करतात. "वस्ताद, ह्या वयात बी व्यायाम सोडला न्हाई!"

"चालण्यासारखा व्यायाम न्हाई बघा," आबा छाती काढून सांगतात. मी शेजारीच उभी असते.

परवा परत येताना त्यांनी ओळखीच्या गवळ्याकडून मोठी किटली भरून दूध घेतलं. चार पावलं चालले, थांबले आणि किटली माझ्यापुढे धरली.

"धर. मला वजन उचलायला न्हाई सांगितलंय."

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "मलाबी न्हाई सांगितलंय, आबा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ढोंग करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"तुला?" ते म्हणाले. "तुला कधी काय झालंतं?"