एक जूनला न जन्मलेला दत्ता

तुरुंगातून फोन आला तेव्हा सुमन सोमाटणे फाट्यावर पवनानगरच्या जीपची वाट बघत उभी होती. पिशवीत मुलाच्या फिटच्या गोळ्या होत्या, सकाळीच तुरुंगाच्या गेटवरून परत मिळालेल्या. बोलणाऱ्याने आधी विचारलं, मुलाला पूर्वीपासून काही आजार होता का? मग तो वारल्याचं सांगितलं. तिने मला फोन केला. “दादा, त्याला काय आजार व्हता का, असं इचारत्यात…” उत्तर त्याच कार्यालयात, गोळ्यांसाठी दिलेल्या आमच्या तीन अर्जांत पडून होतं.

दत्ता माझा भाचा. त्याला जाऊन सहा आठवडे झाले. तो दत्तजयंतीला घरीच जन्मला, म्हणून हे नाव. पण शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख एक जून आहे, आणि ती मी दिलेली आहे. त्याची थोरली बहीण शाळेत एकटी जायला रडायची, म्हणून दोघांना बरोबर पाठवायचं ठरलं. दत्ताला सहा पुरे व्हायला सहा महिने कमी होते. गुरुजींनी पेन उचलून विचारलं, “एक जून टाकू?” मी म्हटलं, टाका. माझी स्वतःची तारीखही तीच आहे. गावात निम्म्या लोकांची आहे.

नवव्या वर्षी त्याला पहिली फिट आली. तेव्हापासून सकाळी एक गोळी, संध्याकाळी अर्धी. सुमन अंगठ्याच्या नखाने गोळी मोडायची. दत्ता चिडवायचा, “आये, अर्धी उंदराला ठिवतीस का?”

पवनेच्या काठावर तो तंबू लावायच्या कामाला होता. सप्टेंबरात तिथे पर्यटकांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी दुपारी कामावरच्या चौघांना नेलं. दत्ताला तेव्हा सतरा वर्षं नऊ महिने झाले होते. दाखल्यानुसार अठरा वर्षं तीन महिने. या सहा महिन्यांमुळे तो मुलांच्या निरीक्षणगृहाऐवजी मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

आम्ही वयाचा अर्ज केला, लसीकरणाचं कार्ड जोडलं. वकील म्हणाले, कायद्यात शाळेचा दाखला पहिला, तो असला तर बाकीचं बघत नाहीत. मी निवृत्त गुरुजींकडे गेलो. खरं काय ते कोर्टात सांगा, म्हटलं. ते म्हणाले, “एकाचं खोटं म्हटलं तर सगळ्या गावाचं खोटं ठरंल. पोरं नोकरीला लागल्यात त्या तारखांवर. मी नाय यायचो.” मग मीच प्रतिज्ञापत्र केलं, की खोटी तारीख मी सांगितली. सरकारी वकिलांनी ते वाचलं. मामा भाच्यासाठी दुसरं काय सांगणार, एवढंच ते म्हणाले. पुढची तारीख पडली. मग त्यापुढची.

गोळ्या आत जायला आतल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, आणि त्या दिवशी दत्ताचा नंबर लागेलच असं नव्हतं. आतून कधी गोळी मिळायची, कधी नाही. तुरुंगातल्या शेवटच्या मुलाखतीला सुमन आणि मी गेलो, तेव्हा तो काचेपलीकडून फोनवर बोलत होता. शब्द जड येत होते. मी विचारल्यावर त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. कड चावली गेली होती.

“फिट आल्ती. वॉर्डर म्हनला नाटक करतोय, पानी मारलं.” मग हसला. “मामा, आमच्या बराकीत अकरा जनांचा वाढदिवस एक जूनला हाय. समदे खेड्यातले. जेलर केक आणील का?”

मला हसू आलं होतं, हे नोंदवायला हवं. सुमनने विचारलं, “गोळी देत्यात का रं?” तो म्हणाला, “देत्यात की.” वेळ संपली.

नंतर कळलं ते एवढं. पहाटे कैद्यांच्या मोजणीला तो उठला नाही. बराकीतल्यांनी रात्री पहाऱ्यावरच्यांना दोनदा हाका मारल्या होत्या, दार उघडलं गेलं नाही. मृत्यूच्या कागदावर वय दाखल्यावरून घेतलं आहे. वयाचा अर्ज पुढच्या तारखेला कोर्टाच्या बोर्डावर, सुनावणीला आला. अर्जदार मयत असल्याने निकाली, असा एका ओळीचा आदेश आहे.

सुमनच्या घरी फळीवर स्टीलची छोटी डबी आहे. तिच्यात गोळीचा अर्धा तुकडा आहे. त्याला नेलं त्या दिवशी संध्याकाळसाठी तिने सकाळीच मोडून ठेवलेला. कडेने पिवळा पडलाय. परवा मी डबी उघडली, तशी तिने हातातून काढून घेतली.

“ऱ्हाऊ दे दादा. त्याची घ्यायची ऱ्हायलीय.”