आकापुल्कोतला दुखवटा

हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या. कारण माझ्या स्पॅनिशच्या जोरावर मी मेक्सिकोत जे करून आले, ते आमच्या अख्ख्या आष्ट्यात कुणी केलं नसेल!

आमचा सुजित तिकडं मोटारीच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं आम्हा दोघांना महिनाभर बोलावून घेतलं. तीन आठवड्यांत मी स्पॅनिश शिकले. शिकायचं काय त्यात? मेसा म्हणजे मेज, कामिसा म्हणजे कमीज, आणि खाबोन म्हणजे आपला साबण!

"आवं, ही तर मराठीच हाय," मी ह्यांना म्हटलं.

"मग तूच बोल. मी आपला गप बसतो."

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मशिनच्या आवाजात काढलेला माणूस. गप बसणं त्यांना जमतं.

सुजितनं आम्हाला आकापुल्कोला नेलं. समुद्र काय, वाळू काय! पण किल्ला दिसला की ह्यांचे पाय तिकडंच. सुजित गाडी लावायला गेला, आणि आम्ही तिकिटाच्या खिडकीशी. आत पन्नाशीचा एक गृहस्थ, चेहरा उतरलेला.

"गाईड?" ह्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली. हळूच म्हणाला, "नो आय गीया."

मी ह्यांचा दंड धरला.

"आवं, आय गेली त्याची!"

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच की! आय गीया म्हणाला. आन् बिचारा तसाच कामावर आलाय!"

"अगं, दुसरं कायतरी म्हणत असंल त्यो."

"तुमी गप बसणार हुता न्हवं?"

मी खिडकीतून त्याचा हात धरला. 'मामा' म्हणजे आई, एवढं मला येत होतं. "मामा," म्हटलं, वर आभाळाकडं बोट केलं आणि डोळ्यांना पदर लावला.

तो चपापला. मग टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे भरले! म्हटलं, चला, मोकळा झाला बिचारा. झाडणारी बाई धावत आली, तिनं मला कवटाळलं. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. स्वतःवर एवढं संकट, आणि काळजी माझी! काय माणसं म्हणावीत?

मग तो स्वतःच आम्हाला किल्ला दाखवायला निघाला. माझा हात काही सोडेना. भिंतीवरचं इंग्रजी हे वाचून सांगत होते. पाच कोनांचा किल्ला, समुद्री चाच्यांना रोखायला बांधलेला. मनिलाहून जहाजं यायची इथं, रेशीम, मसाले, चिनी भांडी घेऊन. पुढं भूकंपात किल्ला पडला, पुन्हा उभा केला. ह्यांचं बालपण कोयनानगरात गेलेलं. भूकंप म्हटल्यावर हे त्या फलकापुढून हलेनात! आणि इकडं प्रत्येक दालनात मी त्या माणसाची पाठ थोपटायची, तो माझी.

एका जहाजाच्या प्रतिकृतीपुढं आम्ही असे एकमेकांना धीर देत उभे, तोच सुजित आला. त्या माणसानं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. सुजित पांढराफटक!

"आई... आजी गेली? मला का न्हाई सांगितलं?"

आता हबकायची पाळी माझी. माझी आई आष्ट्यात, पंच्याऐंशीची, अजून सगळ्या सुनांना पळवणारी. सुजितनं लगेच फोन लावला.

"कोण रं? सुज्या व्हय?" खणखणीत आवाज आला. "जेवलास का?"

सुजितनं त्या माणसाला पुन्हा सगळं नीट विचारलं. मग झाला उलगडा. 'नो आय गीया' म्हणजे गाईड नाही! त्याची आई घरी ठणठणीत. आणि मी 'मामा' म्हणून आभाळ दाखवलं, तेव्हा माझीच आई गेली असं समजून तो माझं सांत्वन करत होता.

तो माणूस तर हसून हसून वाकला. फोन चालूच होता. सुजितनं आजीला सगळं सांगितलं, तीही खो खो हसली. मग एकदम मऊ आवाजात मला म्हणाली, "पर माझ्यापायी लय रडलीस व्हय गं, बाई?"

आता इथं तरी खोटं बोलावं की नाही माणसानं?

"न्हाई गं आई," मी म्हटलं, "मी त्याच्या आईसाठी रडत हुते."

पलीकडून फोन बंद झाला. पुढं आठ दिवस तो माझ्यासाठी बंदच होता.