चोक बंद केला की

काल चिकलठाण्याच्या एका गॅरेजात कुणीतरी टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून दिलं. त्या आंबूस वासानं मी वीस वर्षं मागं गेले.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची मोटारसायकल वर्षभर अंगणात उभी होती. त्या सकाळी मला शेंद्र्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. नवं पेट्रोल टाकलं, प्लग घासला, तरी चोक बंद केला की गाडी आचके देऊन बंद पडायची. दहा वाजत आले होते. दादा दारात खुर्चीवर बसून आवाज ऐकत होते. आजारापासून त्यांच्या तोंडून एखादाच शब्द फुटायचा.

"जेट तुंबलाय. कार्बोरेटर उघड, तारेनं साफ कर."

"व्हय दादा, तुम्ही उगं बसा ना!" मी चिडले; पण केलं तेच. जेटच्या, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून चिकट मळ निघाला, गाडी एका लयीत चालू लागली आणि मी तशीच निघाले.

दादा वर्षभरात पहिल्यांदा सलग बोलले होते, हे मला अर्ध्या रस्त्यात उमगलं. नोकरी लागली. पण त्या अर्ध्या रस्त्यातून मी गाडी मागं वळवली नाही, ते अजून जिवाला लागून आहे.