मार्लिस ग्राबरचा शेवटचा प्रश्न

रंगमंचावर यायचं कसं, हे मला पुष्कळांनी शिकवलं. जायचं कसं, हे कुणीच नाही. चाळीस वर्षं गावोगाव नाटकं करून मी स्वित्झर्लंडमधल्या एमेन्टालच्या या खोऱ्यात राहायला आलो, तेव्हा ती विद्या जाणणारी एक बाई भेटली. मार्लिस ग्राबर. शेतकरी कुटुंबांना सल्ला देणं हे तिचं काम: शेत पुढच्या पिढीकडे केव्हा द्यायचं, कसं द्यायचं, आणि दिल्यावर गोठ्यात शब्द कुणाचा चालायचा.

तिची रीत ठरलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घरचे सगळे बसले की ती म्हणायची, "उठा. जागा बदला." टोकाच्या खुर्चीतला म्हातारा पोरांच्या बाकावर, आणि शेत घेणारं पोर टोकाच्या खुर्चीत. मग तासभर मार्लिस प्रश्न विचारणार आणि उत्तर फक्त त्या खुर्चीने द्यायचं. मध्ये तोंड घालील त्याने सगळ्यांची भांडी घासायची. सत्तरीतले दांडगे शेतकरी कोपरापर्यंत साबण लावून उभे राहिलेले मी किती पाहिलेत! कारण दर वेळी तिला सोबत एक परका माणूस लागे, आणि तो मी असे.

"परका बसला की घरचे जपून भांडतात," ती म्हणे. "आणि तुला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, नाटक्या, म्हणून तू उत्तम."

शेवटचा प्रश्न एकच. "म्हातारी माणसं कुठे राहणार?" आमच्याकडे मोठ्या घरासमोर, अंगणापलीकडे, थकलेल्या पिढीसाठी छोटं घर असतं. तरी लोकांचा पाय निघत नाही. मार्लिस ऐकायची नाही. "एका छपराखाली दोन मालक नकोत. सही झाली की महिन्याभरात अंगण ओलांडा."

हे सांगणारी मार्लिस मात्र स्वतः भावाच्या छोट्या घरात राहत होती, आईवडील गेल्यापासून, एकटी.

खोऱ्यात शेत धाकट्या मुलाला जायची चाल होती. तिचा भाऊ वेर्नर तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि गाईंना घाबरणारा. मार्लिस बाराव्या वर्षापासून गोठा सांभाळायची. वडिलांनी एका संध्याकाळी सूप पिता पिता एका वाक्यात निकाल लावला. "त्यांचा चमचा ताटलीवर वाजला, तो अजून वाजतोय," असं ती मला एकदाच म्हणाली.

गेल्या फेब्रुवारीत वेर्नरने सल्ल्यासाठी तिलाच बोलावलं. त्याचा धाकटा मुलगा रेल्वेच्या नोकरीत रमला होता. शेत थोरल्या मुलीला द्यायचं होतं, अनिनाला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

"वाजव," मार्लिस म्हणाली. "त्या पोरीने मागितलंसुद्धा नाही. बापाने जेवताना आपणहून दिलं. सूप होतं का, ते मी विचारलं नाही."

"हेवा वाटतोय तुला."

"हेवा? निखारा गिळलाय मी, नाटक्या. चाळीस वर्षं घराघरांत भांडले, पोरींनाही द्या, पोरींनाही द्या म्हणून. आता दिलं, तर सहन होत नाही."

"मग दुसरा सल्लागार बघू देत."

"आणि त्याने सोपे प्रश्न विचारले तर?"

तर असे आम्ही वेर्नरच्या टेबलाशी बसलो. वेर्नर बाकावर अवघडून, शेजारी त्याची बायको ट्रूदी. टोकाच्या खुर्चीत अनिना, बाह्या सरसावून.

"पहाटे दूध थंड करायची टाकी बंद पडली?"

"आधी शेजाऱ्यांच्या टाकीत जागा विचारेन. मग दुरुस्तीवाला."

"बाप तुला न विचारता वासरू विकून आला?"

"बाबांना गाडीत घालीन आणि परत आणायला लावीन."

ट्रूदी फिसकन हसली. मार्लिस हसली नाही. एरवी ती दहा प्रश्नांत आटपायची. त्या दिवशी पंचवीस झाले आणि आवाजाला धार चढत गेली. समोरच्या नटाचं वाक्य चुकावं म्हणून टपलेला नट मला लांबून ओळखू येतो. मीही रंगमंचावर असा टपलो आहे.

"ऑगस्टमध्ये वरच्या कुरणातलं पाणी आटलं. जुन्या झऱ्याचं पाणी कुठून वळवायचं?"

वेर्नर ट्रूदीकडे बघू लागला. त्यालाही माहीत नव्हतं. पाणी वळवायची झडप वडिलांनी फक्त मार्लिसला दाखवली होती, आणि त्या झडपेची लांब लोखंडी चावी छोट्या घरातल्या घड्याळामागे होती.

"मला माहीत नाही," अनिना म्हणाली.

मार्लिसची पाठ ताठ झाली. क्षणभर ती जिंकल्यासारखी दिसली. "मग काय करशील?"

"आत्याला विचारेन."

मार्लिसने वही मिटली. "झालं. कॉफी ठेवा."

"आत्या, शेवटचा प्रश्न राहिला."

"कुठला?"

"अगं, खोऱ्यात पोराटोरांना पाठ आहे तो."

मार्लिसने मिटलेली वही पुन्हा उघडली. "म्हातारी माणसं कुठे राहणार?"

अनिनाने आईवडिलांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "आई-बाबा इथेच, माझ्याबरोबर. आत्या आहे तिथेच."

वेर्नरचा चेहरा उजळला. बरोबरच होतं, त्याला हलायला नको होतं. मार्लिसने नुसतं गप्प राहायचं होतं. घर तिचं राहिलं असतं, आणि मोठ्या घरात बाप रोज लेकीच्या हातातून दावं काढून घेत राहिला असता. निखाऱ्याला आणखी काय हवं?

"चूक," मार्लिस म्हणाली. "आई-बाबा छोट्या घरात. मी एप्रिलअखेर बाहेर."

"ताई, अगं, पण..."

"तू गप्प बस."

"आत्या," अनिनाचा आवाज ओला झाला होता, "उत्तर खुर्चीने द्यायचं असतं. भांडी."

कॉफी झाली आणि मार्लिस उठली. पाच कप आणि पाच बशा. तिने अर्धा तास घासल्या, आमच्याकडे पाठ करून. कुणीही मदतीला गेलं नाही.

आता ती माझ्यासमोरच, बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. सकाळी खिडकीतून ओरडते, "गोठ्यातला दिवा सव्वापाचला लागला! मी पाचला लावायचे!"

ऑगस्टमध्ये वरचं पाणी खरंच आटलं. अनिना आली. "आत्या, ती चावी दे ना."

"देत नाही," मार्लिस जुने बूट चढवत म्हणाली. "मी येते उघडायला. सगळंच काय एकाच पोरीला द्यायचं?"

आणि चावी खांद्यावर टाकून चढावर पुढे निघाली, भाचीला मागे टाकत.