चाळीस नग, पन्नास किलो

ती घटना आठवली की आजही स्वतःचाच राग येतो. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून गोणपाटात शिवलेला चादरी-टॉवेलांचा गठ्ठा हातगाडीवरून गावातल्या व्यापाऱ्याकडे गेला. सोबतच्या चिठ्ठीवर तीस चादरी, दहा टॉवेल. व्यापाऱ्यानं फिर्याद दिली की नग चाळीसच भरले, पण चादरी वीस आणि टॉवेल वीस निघाले.

खबऱ्यानं सांगितलं, गाडीवाला वाटेत घरी थांबला होता. झालं! मी त्याला उचलून आणला.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "सिद्धेश्वराची आण सायेब, टाका उसवला न्हाय म्या. पानी प्यालो आन् निघालो." मी एक कानशिलात ठेवून दिली. त्या काळी असंच चालायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याची बायको भाकरी घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मला म्हणाली, "चोर म्हनून नाव झालं तर ह्यास्नी माल कोन दील? खायाचं काय आमी?" दुसऱ्या दिवशी त्याला रिमांडसाठी कोर्टात न्यायचं होतं.

व्यापाऱ्यानं माल दुकानात मिसळून टाकलेला, त्यामुळे मोजायला काही उरलं नव्हतं. मुद्देमाल म्हणून जप्त केलं ते नुसतं गोणपाट. रिमांडचे कागद तयार करताना आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, यावर शाईनं लिहिलंय, नग चाळीस, वजन पन्नास. गाडीवाल्यांची मजुरी वजनावर असते. म्हणून गठ्ठा शिवला की कारखान्यातच काट्यावर चढवतात आणि गोणपाट वजा करून आकडा टाकतात."

चादर दोन किलोची, टॉवेल अर्ध्या किलोचा. मी चादरी क्ष धरल्या, टॉवेल य. क्ष अधिक य बरोबर चाळीस. दोन क्ष अधिक अर्धा य बरोबर पन्नास. दुप्पट केलं तर चार क्ष अधिक य बरोबर शंभर. त्यातून पहिलं वजा केलं, तीन क्ष बरोबर साठ. क्ष वीस! तोवर हवालदारांचा तोंडी हिशेब झालाही होता. "सगळे टॉवेल धरले तर वीस किलो. वरचे तीस किलो, चादरीमागं दीड जास्त. वीसच की!"

चिठ्ठी खरी असती तर वजन पासष्ट भरलं असतं. म्हणजे गठ्ठा गाडीवर चढण्याआधीच चादरी वीस होत्या. चिठ्ठी लिहिणाऱ्या गोदाम कारकुनाला बोलावलं आणि हिशेबाचा कागद पुढ्यात ठेवला.

"काटा चुकला असेल, साहेब."

"पंधरा किलोनं?"

लगेच झडती घेतली. दहा चादरी त्याच्याच घरी, ट्रंकेत सापडल्या.

गाडीवाल्याला सोडताना मी विचारलं, "अरे, वजन गोणपाटावर लिहिलेलं होतं. बोलला का नाहीस?"

"मला वाचाया येत न्हाय, सायेब," तो म्हणाला. "तुमाला येतंय न्हवं?"

त्यानंतर आरोपीला समोर बसवण्याआधी मी मुद्देमाल वाचून घेऊ लागलो. माणसाचा चेहरा बघून चोर ओळखतो म्हणणारा पोलीस भेटला की त्याला ही केस सांगतो. त्या दिवशी मात्र मी गाडीवाल्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.