काका, गुडघा आणि मेडिकल बोर्ड

बुधवारी सकाळी मलकापूर स्टेशनवर काकाला पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दाढी गुळगुळीत, मिशीला कलप, बुटांना तोंड दिसेल असं पॉलिश… आणि रोज गुडघ्याला असतो तो पट्टा गायब!

"पट्टा कुठाय?" विचारलं तर म्हणतो, "पिशवीत हाय. बोर्डासमोर लंगडत जाऊ काय बे?"

आता भानगड काय ते सांगतो. माझा काका फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला. ड्युटीवर असताना बर्फात गाडी घसरली होती, तेव्हापासून डावा गुडघा कामातून गेलेला. पण रिटायर होताना डॉक्टरांनी त्रास विचारला, तर हा गडी म्हणाला, काहीच नाही… अपंगत्वाचे टक्के इतके कमी भरले की अपंगत्व पेन्शनचा अर्ज नामंजूर.

अपील केलं म्हणून आता पुन्हा मेडिकल बोर्ड लागला होता, नागपूरच्या बाजूला. काका सध्या मलकापुरात कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, दिवसभर उभं राहायचं. पेन्शन लागली की ती नोकरी सुटणार, हे काकूनं ठरवून टाकलेलं. आणि नाही लागली, तर पाय आहे आणि गेट आहे…

निघायच्या आधी काकूनं मला बाजूला घेतलं. "त्यायच्या मधात बोलू नको. अन् ते खोटं सांगतीन तर गप बसू नको." आता याचा अर्थ तुम्हीच लावा!

सोबत मीच, कारण घरात रिकामा मीच. कॉलेज सेकंड इयरला सोडलं… अर्धं कारण सरांशी भांडण, अर्धं कारण एक मुलगी. ती पुण्याला नोकरीला आहे आणि माझ्या मेसेजला उत्तर देत नाही. सगळा रस्ता मी तिचा डीपी बघत होतो आणि काका खिडकीतून कपाशी.

दवाखान्यात नंबर लागला. आत तीन डॉक्टर, मधोमध युनिफॉर्ममधल्या एक मॅडम. मला बाहेर बाकड्यावर बसवलं, पण दार उघडंच होतं.

काका आत गेला तो परेडला गेल्यासारखा. उभं राहून टाच आपटली… तीही डाव्या पायाची! कळ मला बाहेर आली.

"चलने में तकलीफ?" "नहीं मॅडम." "दर्द?" "ठीक है मॅडम." "कोई शिकायत?" "कोई शिकायत नहीं, मॅडम!"

माझं सटकलं. सरळ आत घुसलो. "काका, खोटं काऊन बोलून राह्यले? काल भिंत धरून संडासले कोण गेलं होतं?"

"चूप बे! बाहेर हो!" काका लालबुंद. मग मॅडमकडे वळून, "माफ करना मॅडम, लडका गरम दिमाग का है."

मला वाटलं, झालं… आता दोघांनाही हाकलतील आणि काकाचं अपील माझ्या तोंडापायी जाईल. पण मॅडमनं मला नुसत्या हातानं थांबवलं. काकाला शांतपणे विचारलं, "हवलदार, गश्त से लौटकर क्या देते थे?"

"रिपोर्ट, मॅडम."

"कभी झूठी दी?"

"कभी नहीं, मॅडम!" हे मात्र काका जवळजवळ ओरडलाच.

"तो शिकायत मत करो. घुटने की रिपोर्ट दो."

काका सावधान उभा राहून, समोरच्या भिंतीकडे बघत, सुरू झाला…

सकाळी पलंगावरून उतरताना डावा पाय हातानं उचलून खाली ठेवावा लागतो. गेटवर ट्रक आला की खांब सोडतो, ट्रक आत गेला की परत खांब धरतो. आणि मुलीच्या लग्नात पाटावर बसता आलं नसतं म्हणून कन्यादानाला मोठ्या भावाला बसवलं आणि स्वतः मंडपामागं जाऊन उभा राहिला.

मोठा भाऊ म्हणजे माझे बाबा. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं काका मानपानावरून रुसला. त्याची लेकसुद्धा अजून तेच समजते…

मॅडम लिहीत होत्या. मग उठून त्यांनी गुडघा नीट तपासला. त्यावर पट्ट्याचे वळ स्पष्ट दिसत होते. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "अब पट्टा बाँध लीजिए."

मुक्काम करून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो. काका म्हणे, "आमच्या युनिटात असता ना पोट्ट्या, तर तुले गड्डा खोदाले लावलं असतं." मी हसलो. मग मोबाईल काढून पुण्यातल्या त्या मुलीला लिहिलं, 'मी मजेत नाहीये.' एवढंच. भांडलो नाही, जाब विचारला नाही.

मलकापूरला उतरलो. पुलावर चढलो कसेबसे, पण उतरायच्या पायऱ्यांशी काका थांबला. मी सवयीनं पुढे निघालेलो… मागून आवाज आला, "हात दे बे."

परत फिरलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खरोखर भार टाकला. मागून कुणीतरी ओरडलं, "चाला ना भाऊ लवकर!" एरवी मी भिडलोच असतो. त्या दिवशी म्हटलं, "तुम्ही जा पुढं, आम्हाले वेळ लागन."

निकाल टपालानं येणार आहे, तोवर काका गेटवरच. मात्र काकूनं तिथं एक खुर्ची नेऊन ठेवली आहे आणि तो तिच्यावर बसतो…

मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्ही हे वाचणारही नाही. पण काकानं सगळं सांगितलं, ते तुमच्यामुळं… मनापासून आभार.