गोष्ट जयवंताची, सांगणार भामाबाई

हैदराबादच्या नल्लकुंट्यात जयवंताला सगळे ओळखतात. मलकपेठेतल्या ज्या चष्म्याच्या दुकानात ती काम करते, तिथे मात्र रोज एखादं नवं गिऱ्हाईक तिच्याशी इंग्रजीत सुरू होतं. काळाभोर रंग, दाट कुरळे केस, रुंद नाक. लोकांना वाटतं, ही आफ्रिकेतून इथे शिकायला आलेली. ती शांतपणे म्हणते, "चाचा, नंबर का कागज लाए क्या?" मग चाचांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. कुठल्या मुलखाची म्हणून कुणी विचारलंच, तर ती "नल्लकुंटा" म्हणते आणि काच पुसायला घेते. तिशी उलटली, आता तिला या प्रश्नाचा राग येत नाही, नुसता कंटाळा येतो.

दत्तक आली तेव्हा ती दीड वर्षाची होती. आई कोण, बाप कुठल्या देशाचा, अनाथालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला घरी आणणारे प्रतापराव आणि भामाबाई मूळचे भालकीकडचे. शेती भावांवर सोपवून हैदराबादेत नोकरीला आलेले. पोर पाहून भाऊबंदांनी नाकं मुरडली. तेव्हा प्रतापरावांनी डोकं लढवलं आणि तिला आपल्या वारलेल्या आईचं नाव ठेवलं. आता जयवंता म्हणून हाक मारायची आणि वर वाकडंतिकडं बोलायचं, ही कुणाची टाप होती? माणूस मोठा हुशार. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

भामाबाईंनी आपल्या परीने एक नियम केला होता: बाहेर तेलुगू बोल, उर्दू बोल, उंबऱ्याच्या आत मराठीच. पोर रंगाने वेगळी, ती भाषेनेही परकी झाली तर आपली म्हणायला उरेल काय, ही त्यांची भीती. भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, नियम तेवढा कडक पाळला.

आणि त्यांची एक गोष्ट होती. घरी पाहुणा आला की ती व्हायचीच, श्रावणातल्या कहाणीसारखी, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. अनाथालयात पाय ठेवला, हिने हात पसरले, पाहताक्षणी मला माझी वाटली, इथून सुरुवात. आणि शेवट असा, की आजवर माझ्या लेकीने त्या दुसऱ्या आईबद्दल चकार शब्द विचारला नाही. इथे ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. जयवंता तोवर चहा घेऊन येई आणि पाहुणे तिला म्हणत, नशीबवान आहेस हो. मागे मराठी मंडळाने दत्तक या विषयावर परिसंवाद ठेवला. मंचावर डॉक्टर, वकील, समाजसेविका आणि भामाबाई. दत्तक गेलेल्या माणसाला काय काम दिलं होतं म्हणाल, तर सगळ्यांना पुष्पगुच्छ द्यायचं. जयवंताने ते हसतमुखाने केलं.

त्या परिसंवादाला अभिजीत आणि शिल्पा हे पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेलं जोडपं होतं. एका रविवारी ते भामाबाईंचा पत्ता शोधत घरी आले. दत्तक देणाऱ्या संस्थेने त्यांना तीन वर्षांची एक मुलगी दाखवली होती. तिचा रंग, तिचे केस थेट जयवंतासारखे. हो की नाही, ते उद्या कळवायचं होतं.

अभिजीतने भराभर विचारायला सुरुवात केली. नातेवाईक काय म्हणाले, शाळेत प्रवेश देताना कुणी काही बोललं का. सगळं भामाबाईंना. जयवंता समोर ट्रे घेऊन उभी असताना त्याने भामाबाईंनाच विचारलं, "हिला शाळेत कुणी चिडवायचं का हो?" भामाबाई म्हणाल्या, छे, कुणाची हिंमत. जयवंताला शाळेत पाडलेली सगळी नावं आठवली. एवढ्या प्रेमळ घरात ती कुणाला सांगायची, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. शिल्पा मात्र कपाकडे बघत बसली होती.

मग गोष्ट सुरू झाली. जयवंता दारात ऐकत होती. तोंड उघडावं, तर आयुष्यभर जपलेली आईची गोष्ट परक्या माणसांसमोर मोडणार. सत्तरीची म्हातारी, वर बापाच्या माघारी तिला दुसरं कुणी नाही. गप्प राहावं, तर ती तीन वर्षांची पोरही अशीच लाडात वाढणार आणि अशीच एकटी पडणार. भामाबाई शेवटाला आल्या. लेकीने चकार शब्द विचारला नाही, म्हणाल्या.

"विचारला होता, आई," जयवंता म्हणाली.

भामाबाईंनी वळून पाहिलं.

"खालच्या भाग्यलक्ष्मी आंटींना. माझ्या अम्माने मला का सोडलं, म्हणून त्यांना तेलुगूत विचारायची मी. कित्येकदा. त्या तरी काय सांगणार, हातावर काहीतरी खायला ठेवायच्या. घरात मराठीत विचारलं असतं तर तू रडली असतीस."

अभिजीत उगाच मोबाईल चाचपू लागला. जयवंताला वाटलं, कुठून बुद्धी झाली, आत्ताच्या आत्ता माफी मागावी. तेवढ्यात भामाबाईंनी विचारलं, "आणिक काय विचारायचं राहिलं तुझं?"

त्या रागावल्या होत्या की काय, कळायला मार्ग नव्हता. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं होतं, ते आता मागे जाईना. "मला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा मी खरंच तुला तुझी वाटले?"

भामाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या, सोडत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "भ्याले मी. असलं लेकरू कधी बघितलंच नव्हतं. पहिले काही दिवस जवळ घेतलं नाही तुला. तुझे बाबाच न्हाऊ घालायचे, तेच भरवायचे. मग तुला ताप भरला. माझा पदर धरलास तो सोडीच ना. तेव्हापासून तू माझी." मग त्या म्हणाल्या, "हे सांगणार कसं होते मी? गोष्ट चालू असली की तू दारात उभी राहून ऐकायचीस."

जयवंताला रडू आलं, पण वाईट वाटलं म्हणून नव्हे. पाहताक्षणी आपल्या वाटणाऱ्या गोष्टीतल्या त्या पोरीवर तिचा कधी विश्वासच बसला नव्हता. पदर न सोडणारी ही पोर मात्र तिने लगेच ओळखली.

"मलाही भीती वाटतेय, काकू," शिल्पा एकदम म्हणाली. "तिचा फोटो आला तेव्हापासून वाटतेय." अभिजीत तिच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस सोबत राहून त्याला याचा पत्ता नव्हता. त्याने गोंधळून पुन्हा भामाबाईंकडेच मान वळवली. "मग काकू, आम्ही काय करावं?"

भामाबाईंनी डोळे पुसले. "मला काय विचारताय?" त्या म्हणाल्या. "तिला विचारा की."

शिल्पाने सोफ्यावर सरकून जागा केली. जयवंताने ट्रे खाली ठेवला आणि ती त्या दोघांच्या मधे जाऊन बसली.